जास्तीचा काना

सोनू, तुझा माफीचा मसुदा वाचला. आधी दोन घास खाऊन घे, मग हे वाच.

‘अनावधानाने’ लिहिलंयस, त्यातल्या पहिल्या ‘ना’चा काना काढ. अवधान म्हणजे लक्ष. त्याला नकाराचा ‘अन्’ लागला की अनवधान. हा काना छापील दिलगिरीतही दिसतो, म्हणून तुझ्याही हातून गेला. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे काय मागतात? अवधान. शके 1212 चा ग्रंथ तो. इतका जुना, मायेचा शब्द आहे गं, जपून वापरावा.

आता खरं ते बोलू. पगाराचा तक्ता सगळ्या ग्रुपवर गेला, तेव्हा फोन तुझ्या कानाला होता आणि कुणाला पाठवतेयस ते तू पाहिलंच नाहीस. हे अनवधान. नीट बघून दाबायला गेली असतीस आणि बोट शेजारच्या नावावर पडलं असतं, तर ‘चुकून’ म्हटलं असतं. ‘नकळत’ आणखी वेगळं, करताना आपल्याला पत्ताच नसतो. बोलता बोलता आपण नकळत कुणाला दुखावतो, तसं.

पण खाली तू लिहितेस, ग्रुपमधल्या दोघींच्या निरोपांना उत्तर द्यायचंही अनवधानाने राहिलं. सोनू, ते निरोप तू वाचले होतेस, मला दाखवलेही होतेस. घाबरून टाळलंस. तिथे हा शब्द नको, त्या दोघींना ते लगेच कळेल.

आणि ‘तक्ता पाठवला गेला’? कुणाकडून? बारा वर्षांची असताना लोणच्याची चिनी मातीची बरणी मी फोडली. फरशीवर तेल, कैरीच्या फोडी, तुकडे. मी म्हटलं, “बरणी फुटली.” आई खाली बसून तुकडे वेचत होती, वर न बघता तिने विचारलं, “कोणाच्या हातून?” “माझ्या हातून,” म्हटल्यावर तिने मला तुकडे टोचणार नाहीत अशा बेताने बाजूला सरकवलं, बस्स. ‘मी फोडली’ म्हटलं तर मुद्दाम केल्यासारखं वाटतं, ‘फुटली’ म्हटलं तर माणूसच गायब. ‘माझ्या हातून फुटली’ यात हेतू नव्हता हेही येतं आणि मी होते हेही.

तर सकाळी एवढंच पाठव: ‘काल माझ्याकडून अनवधानाने सर्वांच्या पगाराचा तक्ता ग्रुपवर गेला. तुमचे निरोप मी वाचले होते, पण भीतीने उत्तर दिलं नाही. मला माफ करा.’

पाठवलंस की फोन कर. मी जागीच असेन.

— ताई