शॉक ॲब्सॉर्बर : स्वस्त घ्यावा की महाग?

घरची मोटार काही वर्षे जुनी झाली, की एक दिवस गॅरेजमधला मेकॅनिक सांगतो, "शॉकअप गेले आहेत, बदलावे लागतील." सुट्या भागांच्या दुकानात गेल्यावर समोर दोन खोकी येतात. एकातला शॉक ॲब्सॉर्बर साधा असतो आणि दुसऱ्यातला त्याच्या तिप्पट किमतीचा. दुकानदार म्हणतो, "महाग घ्या आणि निर्धास्त राहा." शेजारचे काका म्हणतात, "सगळे सारखेच असतात, नावाचे पैसे घेतात." दोघेही ठामपणे बोलतात, पण कारण कोणीच देत नाही.

विद्यार्थीमित्रांनो, हे कारण शोधायला मोटार इंजिनिअर असावे लागत नाही. सरल आवर्त गतीचा धडा ज्याने नीट वाचला आहे, त्याला या प्रश्नाचे बरेचसे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन काढता येते. आणि हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी कोठे थांबेल, हेही काही अंशी त्यावर अवलंबून असते.

धक्का कोण सोसतो?

प्रथम नावातला घोटाळा दूर करू. 'शॉक ॲब्सॉर्बर' म्हणजे धक्का शोषून घेणारा. पण खड्ड्याचा धक्का सोसण्याचे मुख्य काम तो करत नाही, ते काम स्प्रिंग करते. चाक उचलले गेले की स्प्रिंग दबते आणि धक्क्याची ऊर्जा स्वतःत साठवते. अडचण पुढेच आहे. साठवलेली ऊर्जा स्प्रिंग परत देते आणि गाडी वर-खाली डोलू लागते. हे डोलणे थांबवणे, म्हणजेच दोलनांची ऊर्जा काढून तिची उष्णता करणे, हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम. म्हणून इंग्लंडमध्ये त्याला 'डॅम्पर' म्हणतात. आपण त्याला 'अवमंदक' म्हणू.

मोटारीच्या आरंभीच्या काळात अवमंदन घर्षणाने करीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस फ्रान्समध्ये ट्रुफो यांनी एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांचा अवमंदक वापरात आणला. पण कोरडे घर्षण वेगाबरोबर फारसे वाढत नाही. त्यामुळे लहान धक्क्याला चकत्या हलतच नसत आणि मोठ्या धक्क्याला त्यांचा जोर अपुरा पडे. तेलाचा अवमंदक त्यांना मागे टाकून पुढे गेला तो यामुळेच, कारण त्याचा विरोध वेगाबरोबर वाढतो.

थोडा हिशेब

एका लहान मोटारीचे वजन प्रवाशांसह १,१४० कि.ग्रॅ. आहे असे समजा. चाके व त्यांना जोडलेले भाग प्रत्येकी ३५ कि.ग्रॅ. धरून वजा केले, तर स्प्रिंगांवर १,००० कि.ग्रॅ. उरतात. म्हणजे प्रत्येक चाकावर २५० कि.ग्रॅ. आले. स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला १६ न्यूटन बल लागते, म्हणजे तिचा स्थिरांक दर मीटरला १६,००० न्यूटन आहे.

स्थिरांकाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढा. १६,००० ÷ २५० = ६४ आणि त्याचे वर्गमूळ ८. याला २ × ३.१४ ने भागले, की दर सेकंदास सुमारे १.३ दोलने मिळतात. बहुतेक प्रवासी मोटारी याच सुमारास, सेकंदाला एक ते दीड वेळा डोलतात.

आता अवमंदन पाहू. गाडी एकदाही न डोलता शक्य तितक्या लवकर मूळ जागी यावी, असे अवमंदन म्हणजे 'क्रांतिक अवमंदन'. त्याचे सूत्र असे : २ × (स्थिरांक × वस्तुमान) चे वर्गमूळ. आपल्या गाडीसाठी १६,००० × २५० = ४०,००,००० येतात, त्याचे वर्गमूळ २,००० आणि दुप्पट ४,०००. म्हणजे दर सेकंदाला १ मीटर वेग असता अवमंदकाचा विरोध ४,००० न्यूटन हवा. पण एवढा कडक अवमंदक बसवला, तर प्रत्येक खडा पाठीला जाणवेल. म्हणून प्रवासी मोटारीत क्रांतिक अवमंदनाच्या साधारण पाव ते तृतीयांश भागावर समाधान मानतात. आपण पाव भाग, म्हणजे १,००० धरू.

पाव भागावर प्रत्येक दोलनात डोलण्याचा पल्ला सुमारे एक-पंचमांश होतो. गाडी ५ सें.मी. दबली असेल, तर एका दोलनानंतर पल्ला १ सें.मी. आणि दुसऱ्यानंतर २ मिलिमीटर राहतो. म्हणजे दीड सेकंदात गाडी शांत होते. अवमंदक झिजला आणि अवमंदन एक-दशांशावर आले, तर हाच पल्ला ५, २.७, १.४, ०.७ सें.मी. असा रेंगाळत उतरतो. नावेत बसल्यासारखे वाटते ते यामुळे.

खरा धोका चाकाचा

डोलणारी गाडी आपल्याला जाणवते. चाकाचे उडणे मात्र जाणवत नाही आणि धोका तेथेच असतो. टायर हीदेखील एक स्प्रिंग आहे आणि फार ताठ आहे. तिचा स्थिरांक दर मीटरला २,००,००० न्यूटन धरा. ३५ कि.ग्रॅ.चे चाक एकीकडे टायर व दुसरीकडे गाडीची स्प्रिंग यांच्यामध्ये अडकलेले असते. वरच्याच रीतीने हिशेब केला, तर ते सेकंदाला सुमारे साडेबारा वेळा कंप पावते. ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारी गाडी एवढ्या वेळात, म्हणजे चाकाच्या एका कंपनात, सुमारे १.३ मीटर पुढे जाते. अवमंदक निकामी असेल, तर खडबडीत रस्त्यावर या प्रत्येक १.३ मीटरच्या काही भागात टायर रस्त्यावर पुरेसा दाबलेला नसतो. ब्रेकची पकड घर्षणावर अवलंबून असते, घर्षण त्या दाबावर. गाडी थांबायला जास्त अंतर का लागते, ते आता उघड आहे.

पैसे कशाचे?

साध्या अवमंदकात दोन नळ्या एकात एक बसवलेल्या असतात. आतल्या नळीत तेल व दट्ट्या असतो. दट्ट्या हलला की तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून जाते. बाहेरच्या नळीत जादा तेल व थोडी हवा किंवा वायू असतो.

नुसते छिद्र असेल, तर विरोध जवळजवळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दट्ट्याचा वेग पाचपट झाला, की विरोध पंचवीसपट होतो. असा अवमंदक हळू डोलण्याला पुरेसा ठेवला, तर खड्ड्यात तो दगडासारखा कडक होतो. खड्ड्याला बेताचा ठेवला, तर वळणावर गाडी कलंडू देतो. यावर उपाय झडपांचा. पोलादाच्या पातळ, लवचिक चकत्या एकावर एक रचून छिद्रांवर बसवतात. वेग वाढला की चकत्या वाकून तेलाला जास्त वाट देतात आणि विरोध बेताने वाढतो. किती चकत्या, किती जाडीच्या, वर येताना विरोध किती आणि दबताना किती, हे गाडीगणिक ठरवावे लागते. महागड्या खोक्यातील पैशांचा एक वाटा या कामाचा असतो. दुसरा वाटा दट्ट्याच्या दांड्यावरील गुळगुळीत क्रोमचा आणि तेल अडवणाऱ्या सीलचा. दांडा खरबरीत झाला की सील फाटते आणि तेल गळते.

तिसरा वाटा उष्णतेचा. समजा, वाईट रस्त्यावर वेगाने जाताना दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला अर्धा मीटर आहे. अवमंदकात निर्माण होणारी उष्णता १,००० × ०.५ × ०.५, म्हणजे सेकंदाला २५० ज्यूल. एवढ्या उष्णतेने २०० मिलिलिटर पाणी चार-सव्वाचार मिनिटांत उकळू लागेल. रॅलीतील मोटारीला हे तासन्‌तास सोसावे लागते. तापलेले तेल पातळ होते आणि घुसळून त्यात फेस येतो. फेस दबतो, तेल दबत नाही. म्हणून फेसाळ तेलाचा अवमंदक ऐन वेळी पोकळ वाटतो.

या फेसावर फ्रान्समधील द कार्बों यांनी १९५० च्या दशकात तोड काढली. त्यांच्या अवमंदकात नळी एकच असते. तेल व वायू यांच्यामध्ये एक तरंगता दट्ट्या असतो आणि वायू वातावरणाच्या वीस ते तीस पट दाबाखाली भरलेला असतो. त्या दाबाखाली तेलात सहसा बुडबुडे होत नाहीत. जर्मनीतील बिलस्टाइन कंपनीने ही रचना उचलली आणि १९५७ साली ती मर्सिडीज मोटारींत आली. एकच नळी असल्याने दट्ट्याही मोठा बसतो. ३० मि.मी. ऐवजी ४६ मि.मी. व्यासाचा दट्ट्या घेतला, तर क्षेत्रफळ सुमारे २.३ पट होते आणि तेवढ्याच बलासाठी तेलावरचा दाब निम्म्याहून कमी पुरतो. शिवाय नळीला थेट वारा लागतो, त्यामुळे ती लवकर निवते.

मग महागच घ्यावा का?

थांबा. एका नळीच्या अवमंदकावर दगड आपटून पोचा आला, तर दट्ट्या तेथेच अडकतो. दोन नळ्यांच्या साध्या अवमंदकात पोचा बाहेरच्या नळीला येतो आणि दट्ट्या आत सुखरूप राहतो. खडीच्या वाटेवर हा काही लहान गुण नव्हे. शहरात कामावर ये-जा करणाऱ्या गाडीचे अवमंदक फारसे तापतही नाहीत. उष्णतेसाठी दिलेले जादा पैसे तेथे फुकट जातात.

याहून महत्त्वाची गोष्ट जोडीची आहे. समजा, एकाने गाडी ठेंगणी व ऐटदार दिसावी म्हणून दुप्पट ताठ स्प्रिंगा बसवल्या आणि अवमंदक जुनेच ठेवले. आता क्रांतिक अवमंदन ४,००० वरून सुमारे ५,६६० झाले, पण अवमंदकाचे १,००० तेवढेच राहिले. प्रमाण ०.२५ वरून ०.१८ वर घसरले. पैसे खर्चून त्याने चांगले अवमंदक थोडे झिजवल्यासारखेच केले! स्प्रिंगेची वेटोळी कापली किंवा वेटोळ्यांमध्ये रबराचे ठोकळे बसवले, तरी हेच घडते. हलणारी वेटोळी कमी होतात, स्प्रिंग ताठ होते आणि अवमंदन मागे पडते. गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने निर्बंध घातलेले आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

निवडीचा क्रम तेव्हा असा असावा. प्रथम टायरमधील हवा व टायरांची झीज पाहावी आणि जोडांतील रबरी बुश तपासावेत, कारण पुष्कळदा खडखड तेथूनच येते. टायर जागोजाग खड्डे पडल्यासारखा झिजला असेल किंवा अवमंदकावर तेल ओघळलेले असेल, तर तो बदलावा. बदलताना एकाच आसावरील दोन्ही एकदम बदलावेत, नाही तर डावे-उजवे चाक निरनिराळे वागते. रोजच्या घरगुती गाडीला, त्याच मॉडेलसाठी मूळ मापाने बनवलेला, विश्वासू कंपनीचा साधा अवमंदक पुरतो. आपल्याकडेही असे अवमंदक बनवणाऱ्या कंपन्या आहेत. १९६१ साली स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया ही त्यांतलीच एक, आणि पुण्याजवळ चाकण येथे तिचा कारखाना आहे. पूर्ण भार घेऊन नेहमी घाट चढ-उतार करणारी किंवा कच्च्या रस्त्यावर वेगाने पळणारी गाडी असेल, तर महाग अवमंदकाचे पैसे वसूल होतात. मात्र निनावी, कोणत्या गाडीसाठी ते न सांगणारा माल कितीही स्वस्त मिळाला, तरी घेऊ नये. तेथे अवमंदनाचा आकडा स्प्रिंगेशी जुळेल याची कोणीच हमी देत नाही.

करून पाहा

१. एका लवचिक स्प्रिंगेला वजन टांगा. वजनाखाली तारेने पत्र्याची चकती आडवी लटकवा. चकती प्रथम हवेत, मग पाण्यात, नंतर खाद्यतेलात ठेवून स्प्रिंग तेवढीच ताणून सोडा. पल्ला निम्मा होईपर्यंत किती दोलने होतात ते मोजा.

२. सुई नसलेली मोठी सिरिंज पाण्याने भरा. दट्ट्या हळू दाबा, मग जोरात. बोटाला लागणारा जोर वेगाच्या मानाने किती वाढतो? आता टोक बोटाने बंद करून दाबा, दट्ट्या हलणार नाही. मग थोडी हवा आत घेऊन पुन्हा तसेच दाबा. फेसाळ तेलाची गोष्ट हाताला कळेल.

३. आपल्या उदाहरणातील गाडीत सामान भरल्याने एका चाकावरील वस्तुमान २५० ऐवजी ३५० कि.ग्रॅ. झाले. दर सेकंदास दोलने किती होतील? अवमंदनाचे प्रमाण किती उरेल? (उत्तर : सुमारे १.१ दोलने, प्रमाण ०.२१.) सामानाने भरलेली गाडी जास्त का डोलते, ते या दोन आकड्यांवरून आपल्या शब्दांत लिहा.