दुरून चित्र टिपणारें भिंग कसें निवडावें?

हिवाळ्यांतील एखाद्या सकाळीं आपल्या तालुक्यांतील चांगदेव येथें तापी-पूर्णेच्या संगमावर उभें राहावें. हतनूर धरणाचा फुगवटा येथवर पसरला असून लडाख-तिबेटाकडून आलेले चक्रवाक पाण्याच्या कांठीं विसांवलेले असतात. कॅमेरा बाळगणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांचें चित्र घ्यावेसें वाटतें, आणि मग घरांत प्रश्न निघतो : दूरच्या चित्रांसाठीं प्राइम भिंग घ्यावें कीं झूम? हीं भिंगें महाग असतात. म्हणून विद्यार्थी व पालक दोघांनाही उपयोगी पडेल असा विचार येथें करूं.

प्रथम एक लहानसें गणित पाहूं. समजा, ३० सेंटिमीटर उंचीचा पक्षी ३० मीटरांवर बसला आहे. ३०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगानें त्याची प्रतिमा सुमारें ३ मिलिमीटर उंच पडते; ६०० च्या भिंगानें ती ६ मिलिमीटर होते. प्राइम भिंगाचें नाभीय अंतर कायमचें ठरलेलें असतें. झूम भिंगांत तें आंतील कांचा सरकवून बदलतां येतें, जसें १०० पासून ४०० पर्यंत.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. नाभीय अंतरास 'एफ' अंकानें भागलें म्हणजे छिद्राचा व्यास मिळतो. ४०० मिलिमीटरचें भिंग एफ ४ असेल तर छिद्र १०० मिलिमीटर, एफ ५.६ असेल तर सुमारें ७१. पहिल्यांतून दुसऱ्याच्या दुप्पट प्रकाश येतो. पहिल्यास जें चित्र १/१००० सेकंदांत साधतें, त्यास दुसऱ्याला १/५०० सेकंद लागतो, आणि तेवढ्यांत उडत्या पक्ष्याचा पंख पुसट होतो. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून ही उणीव भरतां येते, परंतु मग चित्रांत दाणे दिसूं लागतात. मोठ्या छिद्राचीं लांब भिंगें बहुधा प्राइमच असतात. तीं जड असतात व त्यांची किंमत लाखांच्या घरांत जाते. तथापि एफ ५.६ चें हलकें प्राइमही मिळतें. म्हणून नुसत्या नांवास न भुलतां अंक वाचावा.

आतां निवड सोपी होते. खंड्या पक्षी एकाच फांदीवर पुनःपुन्हां येऊन बसतो. आडोशाला बसून त्याची वाट पाहणाऱ्यास प्राइम उत्तम, कारण अंतर आधींच ठाऊक असतें. परंतु चक्रवाकांचा थवा अकस्मात् उठून डोक्यावरून गेला, तर प्राइमच्या चौकटींत नुसती मान राहील. तेथें झूमच उपयोगी. नुकताच आरंभ करणाऱ्यास व एकच भिंग परवडणाऱ्यास आमचा सल्ला झूमचा आहे.

मात्र एक मोह टाळावा. भिंग आंखूड पडलें म्हणून पुढें सरकूं नये. चार पावलें पुढें टाकलीं तरी थवा उठतो, आणि दूरदेशाहून आलेल्या त्या पाहुण्यांची विश्रांति व अन्न दोन्ही हरपतात. घरट्याजवळ तर मुळींच जाऊं नये. डोलारखेड्याकडील वनांत वाघांचा वावर आहे. तेथें वनखात्याच्या परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. पक्ष्यानें मान उंचावून आपणांकडे पाहिलें, कीं थांबावें. त्या अंतरावरून जें चित्र मिळेल तेंच आपलें. तें लहान आलें तरी चालेल. पक्षी आपल्या जागीं राहिला पाहिजे.