सुटे शब्द नकोत, जुडी हवी



पाथरीच्या बसस्थानकावर तुम्ही उभे आहात, असे समजा. साईबाबांचा जन्म पाथरीचा, अशी अनेक भाविकांची श्रद्धा असल्यामुळे परप्रांतांतूनही माणसे या गावी येतात. असेच चेन्नईकडचे एक कुटुंब तुमच्यापाशी येते आणि विचारते, "एक्स्क्यूज मी, हाऊ डू वी गेट टू द साई टेम्पल?"

या प्रश्नातला एकूण एक शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तरीही जीभ हलत नाही. तुम्ही मनात आधी मराठी वाक्य जुळवता, मग त्यातील एकेका शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द शोधता, मग 'वळा'साठी 'टर्न' घ्यावा की 'रोटेट', याचा विचार करता. तोवर शेजारचा रिक्षावाला "गो स्ट्रेट, देन टर्न लेफ्ट" असे सांगून मोकळाही होतो! कर्मणी प्रयोग तुम्हाला येतो, त्याला येत नाही. मग बोलता त्याला कसे आले?

याचे उत्तर हुशारीत नाही. ते आपल्या स्मरणशक्तीच्या रचनेत आहे.

मेंदूची मूठ केवढी?

१९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक महत्त्वाची गोष्ट मांडली. माणूस एका वेळी साधारण सातच सुट्या गोष्टी मनात धरून ठेवू शकतो. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी हा आकडा चारच्या आसपास असल्याचे दाखवले. म्हणजे मेंदूची मूठ फार लहान आहे.

मग दहा आकडी मोबाइल क्रमांक तुमच्या लक्षात कसा राहतो? तुम्ही तो सुटा म्हणत नाही. दोन-दोन किंवा पाच-पाच आकड्यांचे गट पाडता. आठवडी बाजारात मेथीच्या सुट्या काड्या कोणी उचलून देत नाही. जुडी बांधली, की सगळी भाजी एका मुठीत येते. तसेच हे आहे.

भाषेतही अशा जुड्या असतात. "टेक द सेकंड लेफ्ट" यात चार शब्द आहेत. पण ज्याला हे वाक्य सवयीचे आहे, त्याच्या दृष्टीने ती एकच वस्तू आहे. पॉली आणि सायडर या अभ्यासकांनी १९८३ साली दाखवून दिले, की मातृभाषा बोलणारा माणूस प्रत्येक वाक्य नव्याने रचत नाही. हजारो तयार जुड्या त्याच्या मनात असतात आणि त्या जोडत तो बोलतो. म्हणून तो अडखळत नाही. एक जुडी बोलत असतानाच पुढचा विचार करायला त्याला सवड मिळते.

रिक्षावाल्याजवळ जुड्या मोजक्या होत्या, पण त्या तयार होत्या. तुमच्याजवळ शब्द पुष्कळ होते, पण सुटे होते.

आधी आपल्या मराठीकडे पाहा

घरातून निघताना आपण काय म्हणतो? "येतो हं!" जाताना 'जातो' म्हणणे आपल्याकडे अशुभ मानतात. आता याचे शब्दशः इंग्रजी करा. निरोप घेताना तुम्ही "आय कम" म्हणालात, तर ऐकणारा बुचकळ्यातच पडेल. तेथे "सी यू लेटर" हीच जुडी शोभते.

रस्त्यात भेटलेल्या शेजाऱ्याला आपण विचारतो, "काय, झालं का जेवण?" आपल्याला त्याच्या ताटात काय होते, याची चौकशी करायची नसते. ओळख आहे, लोभ आहे, एवढेच सांगायचे असते. अशा बोलण्याचा अभ्यास करून मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली त्याला स्वतंत्र नावही दिले. इंग्रजी माणूस याच कामासाठी "हाऊ आर यू?" म्हणतो. त्यावर तुम्ही कालच्या पोटदुखीची हकिकत सांगू लागलात, तर तो गोंधळेल. "फाइन, थँक्स. अँड यू?" एवढे पुरे.

आता पुढील यादी पाहा. प्रत्येक ठिकाणी शब्दशः भाषांतर का फसते, याचा विचार करा.

माझे डोके दुखते – 'माय हेड इज पेनिंग' नव्हे. "आय हॅव अ हेडेक".

लाइट गेली – 'लाइट हॅज गॉन' नव्हे. "द पॉवर इज आउट".

मला भूक लागली – "आय ॲम हंग्री".

चहा घेता का? – "वुड यू लाइक सम टी?"

परीक्षा देणे – "टेक ॲन एक्झाम".

शेवटची गंमत लक्षात आली का? परीक्षा मराठीत विद्यार्थी 'देतो', इंग्रजीत तो ती 'घेतो'! तसेच मराठीत भूक मला 'लागते', थंडी मला 'वाजते'. भूक किंवा थंडी ही जणू बाहेरून येते आणि मी नुसता सोसणारा. इंग्रजीत मात्र 'मी'च वाक्याचा कर्ता होऊन बसतो. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर आहेत; फक्त एकीचा साचा दुसरीला बसत नाही.

शब्दांच्या सोयरिकीही ठरलेल्या असतात. आपण 'कडक चहा' आणि 'मुसळधार पाऊस' म्हणतो. 'मुसळधार चहा' म्हणत नाही. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो, पाऊस 'हेवी' असतो. अशा सोयरिकींचा मोठा संग्रह हॅरॉल्ड पामर या इंग्रज शिक्षकाने १९३३ साली टोकियोत प्रसिद्ध केला. जपानी विद्यार्थीही तुमच्यासारखेच अडखळत होते!

पाथरीकरांना हे नवे नाही

खेड्यातल्या मुलाला परकी भाषा जमायची नाही, असे कोणी म्हणाले, तर त्याला पाथरीचा इतिहास सांगा. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे, असे जुन्या फारसी इतिहासग्रंथांत सांगितले आहे. पुढे हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन होईपर्यंत येथला राज्यकारभार उर्दूत चाले. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले, तेव्हा तेथे शिकवण्याची भाषाही उर्दूच होती.

तरीही घरात मराठी बोलणारी साधी माणसे बाजारात दखनी उर्दू सहज बोलत आली. त्यासाठी व्याकरणाचे पुस्तक कोणी उघडले नव्हते. भाव विचारण्याची, घासाघीस करण्याची, ख्यालीखुशाली पुसण्याची वाक्ये त्यांनी ऐकली आणि तशीच्या तशी उचलली. देवघेव दोन्हीकडून झाली. बाजार, दुकान, हजर, जवाब हे शब्द आपल्याकडे आले. दखनीतला 'नक्को' तर आपला 'नको'च आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण आजही मित्राशी त्याच्या दखनीत बोलत असतील. म्हणजे जुड्यांनी भाषा शिकण्याची रीत तुम्ही न कळत वापरलेलीच आहे.

इंग्रजी मात्र आपण वेगळ्या वाटेने शिकलो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या वाढल्या. त्या रीतीने इंग्रजी वाचणे व लिहिणे चांगले साधले, पण बोलणे मागे राहिले. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवू लागले. तरी शब्द पाठ करायचे व भाषांतर करायचे, हीच सवय चालू राहिली, तर वर्षे वाढतील; जीभ सुटणार नाही. उद्या परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा नोकरीच्या मुलाखतीत, विषय उत्तम येत असूनही केवळ बोलता न आल्यामुळे एखादा गप्प बसला, तर नुकसान त्याचे एकट्याचे नाही.

कानाचे काम

"इंग्रज फार भरभर बोलतात," अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. खरे कारण निराळे आहे. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर आघात येतो आणि मधले लहान शब्द दबून जातात. 'कप ऑफ टी' हे बोलताना 'कपअटी'सारखे आणि 'आय डोंट नो' हे 'आय डोनो'सारखे ऐकू येते. सुटे शब्द शोधणारा कान येथे हरतो. म्हणून जुडी शिकताना तिचा सूर व आघातही बरोबर शिकावा. रेडिओवर किंवा मोबाइलवर ती ऐकून मोठ्याने म्हणावी.

वही कशी ठेवावी?

एका वहीत तीन रकाने आखा: प्रसंग, मराठी जुडी, इंग्रजी जुडी. रोज तीनच जुड्या लिहा. त्या त्याच रात्री, तिसऱ्या दिवशी व आठवड्याने पुन्हा म्हणा. शिकलेले सुरुवातीला फार झपाट्याने विसरते, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले. अंतराअंतराने केलेली उजळणी हाच त्यावर उपाय.

पहिल्या पानावर संकटात कामी येणाऱ्या जुड्या असू द्या:

"सॉरी, आय डिडंट कॅच दॅट." (मला नीट ऐकू आले नाही.)

"कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" (पुन्हा सांगता का?)

"लेट मी थिंक." (जरा विचार करू द्या.)

एवढ्या तीन वाक्यांनी संभाषण तुटत नाही आणि विचार करायला वेळ मिळतो.

मग व्याकरण वाया गेले का? मुळीच नाही. पुष्कळ जुड्यांत एक जागा रिकामी असते. "कुड यू हेल्प मी विथ —?" या जागी 'दिस सम', 'द बॅग' असे काहीही बसेल. तेथे काय बसते व काय बसत नाही, हे व्याकरण सांगते. नुसत्या पाठ केलेल्या जुड्या पोपटपंची ठरतात, आणि नुसते व्याकरण मुके राहते.

आणखी एक. "युवर गुड नेम?" हे आपल्या 'शुभ नाव'चे भाषांतर. भारतात ते सर्वांना कळते. त्याला हसण्याचे कारण नाही. परदेशी पाहुण्याला मात्र "मे आय आस्क युवर नेम?" असे विचारावे. कोणाशी बोलतो आहोत, हे पाहून जुडी निवडणे यातच खरे शहाणपण आहे.

शिक्षकांसाठी : तासाची पहिली पाच मिनिटे 'आजची जुडी' म्हणून ठेवावीत. दोन मुलांनी दुकानदार व गिऱ्हाईक व्हावे, बाकीच्यांनी ऐकावे. बोलणे चालू असताना चूक सुधारू नये, संपल्यावर सांगावी.

हे करून पाहा

१. पुढील वाक्यांना शोभणारी इंग्रजी जुडी शोधा: (अ) जरा सरकता का? (आ) किती वाजले? (इ) हरकत नाही. (ई) सांभाळून जा.

२. एक तास बाजारात उभे राहून लोक एकमेकांना भेटल्यावर काय म्हणतात, ते टिपा. त्यांपैकी कोणत्या प्रश्नांना खरोखर उत्तर हवे होते?

३. मराठीच्या पाच शब्दसोयरिकी लिहा (उदाहरणार्थ, 'गडद अंधार') आणि त्यांच्या इंग्रजी सोयरिकी कोशात शोधा.

उत्तरे (प्रश्न १): (अ) "कुड यू मूव्ह ओव्हर अ बिट, प्लीज?" (आ) "व्हॉट टाइम इज इट?" (इ) "दॅट्स ऑल राइट." (ई) "टेक केअर."