आधी कागद, मग पैसा

रात्रीचा वर्ग सुटला. मंडळी आपापल्या घरी निघाली. एक वहिनी मात्र दाराशी थांबल्या. त्यांच्या हातात घडी घातलेला एक कागद होता.

"गुरुजी, एवढं वाचून बघा की. मी वाचलंय, पण माझा माझ्यावरच भरवसा नाही."

तो सातबाराचा उतारा होता. वहिनींचे यजमान गवंडीकाम करतात. आम्ही त्यांना गवंडीदादा म्हणतो. दोघा नवराबायकोंनी नऊ वर्षे पोटाला चिमटा घेऊन तीन लाख साठ हजार रुपये साठवले होते. तालुक्याच्या गावाजवळ, रस्त्याला लागून, एक गुंठा जागा मिळत होती. भाव साडेतीन लाख. दुसऱ्या दिवशी सकाळी दलाल येणार होता. पन्नास हजार रुपये इसार रोख द्यायचा आणि पाचशे रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहून घ्यायचे, असे ठरले होते.

दादांना घाई झाली होती. "भाव रोज चढतोय. आज घेतली नाही तर जागा हातची जाईल," असे ते म्हणत.

आम्ही दिव्याखाली बसलो. कागद पुढे ठेवला. त्या रात्री जे वाचले आणि बोललो, तेच या धड्यात लिहिले आहे. पहिली जागा घेणाऱ्या प्रत्येकाने हे जाणून घ्यावे.

१. जागेत पैसा घालावा का?

जागेत पैसा घालणे वाईट नाही. सोने चोरीला जाते, रोकड खर्च होते, जागा जागेवर राहते. पण जागा म्हणजे काही गाय नव्हे, की सकाळ-संध्याकाळ दूध देईल. रिकामी जागा नुसती पडून असते. तिला कुंपण लागते, कर लागतो, राखण लागते. आणि घरात कोणी आजारी पडले तर जागा लगेच विकली जात नाही. गिऱ्हाईक मिळेपर्यंत महिने जातात, कधी वर्षे जातात.

म्हणून आधी घरचा हिशेब करावा. दवाखाना, बी-बियाणे, मुलांचे शिक्षण यांचा पैसा बाजूला ठेवावा. उरेल त्यातून जागा घ्यावी. सावकाराचे व्याज भरून जागा घेऊ नये. व्याज रात्रंदिवस वाढते. जागेचा भाव तसा वाढेलच, असा नेम नाही.

जागेचा भाव कशाने वाढतो? पाणी, रस्ता, एस.टी., शाळा, बाजार यांनी. पण "रस्ता झाला" आणि "रस्ता होणार" यांत फार अंतर आहे. दलाल नेहमी "होणार" म्हणतो. आपण झालेले पाहावे. नगररचना कार्यालयात झोन दाखला मिळतो. ती जागा वस्तीसाठी आहे की शेतीसाठी, हे त्यावरून समजते. नियोजित रस्ता कोठून जातो, तेही तेथे विचारावे. कधी कधी तो रस्ता आपल्याच जागेतून जात असतो!

२. सातबारा वाचू या

गावचे हिशेब सरकार वेगवेगळ्या नमुन्यांत ठेवते. त्यातला सातवा नमुना हक्काचा आणि बारावा पिकांचा. दोन्ही एका कागदावर येतात, म्हणून त्याला सातबारा म्हणतात. तो तलाठ्याकडे मिळतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. कामाला चालणारा, सही असलेला उतारा १५ रुपयांत मिळतो. दलालाने दिलेल्या जुन्या झेरॉक्सवर भिस्त ठेवू नये. आपला ताजा उतारा आपण काढावा.

आता बोट ठेवून वाचू या.

गट क्रमांक : दाखवलेली जागा आणि कागदावरचा गट एकच आहे ना?

भूधारणा पद्धती : येथे "भोगवटादार वर्ग १" असेल तर मालकाला जमीन विकण्यास सहसा आडकाठी नसते. "वर्ग २" असेल तर सरकारची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासी माणसाला परवानगीशिवाय घेता येत नाही.

क्षेत्र : हे हेक्टर आणि आर यांत असते. १०० आर म्हणजे १ हेक्टर. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. आपला गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. ४० गुंठ्यांचा १ एकर.

भोगवटादाराचे नाव : विकणाऱ्याचे नाव येथे आहे का? तो एकटाच आहे, की आणखी नावे आहेत? जितकी नावे, तितक्यांच्या सह्या लागतात. नावावर आडवी रेघ असेल तर ती नोंद रद्द झाली, असे समजावे.

इतर अधिकार : पुष्कळ लोक हा रकाना वाचतच नाहीत, आणि येथेच फसतात. कर्जाचा बोजा येथे असतो. कुळाचे नाव येथे असते. पुष्कळ ठिकाणी बहिणींची नावेही येथेच लिहिलेली असतात.

प्रलंबित फेरफार : फेरफार म्हणजे हक्क बदलल्याची नोंद. ती अर्धवट पडली असेल तर ती कशाची आहे, हे आधी विचारावे.

वहिनींचे बोट "इतर अधिकार" या रकान्यावर थांबले होते. तेथे सोसायटीचा दीड लाखाचा बोजा होता. खाली दोन बायकांची नावे होती.

"गुरुजी, या मालकाच्या बहिणी असतील ना? मग त्यांना विचारलंय का कुणी?"

वहिनींनी बरोबर ओळखले होते. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली बदल झाला. तेव्हापासून वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. भावाने एकट्याने सही केली तर बहिणींचा हिस्सा बुडत नाही. त्या उद्या कोर्टात उभ्या राहिल्या तर घेणाऱ्याची वर्षे कज्ज्यात जातात.

३. एका गुंठ्याचा सौदा

दुसरी अडचण आणखी मोठी होती. ती जमीन शेतीची होती. कागदावर ४० आरांचा एकच गट होता. दलाल त्याचे खडूने तुकडे पाडून विकत होता.

शेतजमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत, म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. त्यात वेळोवेळी बदल आणि सवलती झाल्या आहेत. आपल्या भागात आज कोणता नियम आहे, हे तहसील कचेरीत विचारावे. दलालाला विचारू नये. शिवाय, जो शेतकरी नाही त्याला कुळकायद्याप्रमाणे परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. गवंडीदादांच्या नावावर कोठेही शेती नाही.

घरासाठी जागा घ्यायची तर ती बिगरशेती झालेली असावी. प्लॉट पाडल्याचा मंजूर नकाशा पाहावा. एकूण जागा ५०० चौरस मीटरांहून मोठी आणि प्लॉट आठांहून जास्त असतील, तर विकणाऱ्याने महारेराकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. हा कायदा २०१६ सालचा. त्या नोंदणीचा क्रमांक मागावा. अशा ठिकाणी नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम विकणाऱ्याला घेता येत नाही.

गावठाणातली जागा असेल तर तिचा सातबारा सहसा नसतो. तेथे मिळकत पत्रिका आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ पाहावा. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोनने गावठाणे मोजून अशा मिळकत पत्रिका दिल्या जातात. नमुना आठ हा कराचा उतारा आहे. नुसती घरपट्टी भरली म्हणून कोणी मालक होत नाही.

४. खरा कागद कोणता?

"पाचशेच्या स्टँपवर लिहून दिलं की झालं," असे दलाल म्हणाला होता. तसे होत नाही.

शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदवावीच लागते. हा नियम १९०८ सालच्या नोंदणी कायद्यात आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदलेले खरेदीखत, हाच विक्रीचा खरा कागद. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीसाठी द्यावे लागते. नुसत्या मुखत्यारपत्राने किंवा साध्या कराराने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे.

आणि रोख रक्कम? जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही. पैसा बँकेतून द्यावा. बँकेची नोंद हा आपला साक्षीदार. तो कधी फिरत नाही.

खर्चाचा अंदाजही आधी घ्यावा. जागेची किंमत हा काही सगळा खर्च नव्हे. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, मोजणी आणि कुंपण, इतके वर लागते. सौद्याची किंमत आणि सरकारी दराने येणारी किंमत यांत जी जास्त असेल, तिच्यावर मुद्रांक शुल्क बसते. राहते घर बाईच्या नावे घेतले तर २०२१ पासून या शुल्कात एक टक्का सवलत आहे. वहिनींच्या जवळ साडेतीन लाखांच्या वर फक्त दहा हजार होते. म्हणजे तो सौदा पहिल्या दिवसापासूनच अंगाबाहेरचा होता.

५. पुढे काय झाले?

सकाळी दलाल आला. दादांनी पैशांची पिशवी मांडीवर ठेवली होती. वहिनींनी कागद उलगडला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या. मधे अडखळल्या, पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "सोसायटीचं कर्ज फिटल्याचा दाखला आणा. दोघी बहिणींना सहीला आणा. बिगरशेतीचा हुकूम दाखवा. मग बँकेतून पैसे देतो."

दलाल हसला. "वहिनी, ते सगळं मागाहून होतंच. आधी इसार द्या. दादा, गिऱ्हाईक रांगेत उभं आहे बघा."

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असं म्हणता? मग रांगेतल्यालाच द्या."

त्या दिवशी दादा नीट जेवले नाहीत. रस्त्याकडेची जागा गेली, म्हणून घरात दोन दिवस अबोला होता. हे आम्ही मुद्दाम सांगतो. मनाजोगती जागा सोडून देणे सोपे नसते.

दीड वर्षाने त्यांनी जागा घेतली. रस्त्यापासून आत, मंजूर नकाशातला ६०० चौरस फुटांचा प्लॉट. किंमत दोन लाख नव्वद हजार. आधी वकिलाकडून मागच्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेतला. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पाहिल्या. मग दोघांच्या नावे खरेदीखत नोंदले आणि सूची दोनची प्रत घेतली. पुढे फेरफारासाठी तलाठ्याकडे पाठपुरावा केला. फेरफाराची नोटीस निघाली की हरकत घेण्यास १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली नाही, नोंद मंजूर झाली.

नवा उतारा मिळाला, त्या रात्री वहिनी पुन्हा वर्गात थांबल्या. या वेळी "वाचून बघा" असे म्हणाल्या नाहीत. स्वतःच आम्हांला वाचून दाखवला. त्यात त्यांचे स्वतःचे नाव होते.

लक्षात ठेवा

जागा पायांनी पाहा. कागद डोळ्यांनी वाचा. मगच पैसा हाताने द्या.

जो म्हणतो "आधी पैसे द्या, कागद मागाहून पाहू," त्याच्याकडून जागा घेऊ नका.

वाचता येत नसेल ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

शब्दांचे अर्थ

इसार : सौदा पक्का करण्यासाठी आधी दिलेली रक्कम.
बोजा : जमिनीवर असलेले कर्ज.
खरेदीखत : विक्रीचा नोंदलेला कागद.
सूची दोन : नोंदलेल्या व्यवहाराची थोडक्यात माहिती देणारा सरकारी उतारा.

प्रश्न

१. वहिनींना सातबाराच्या कोणत्या रकान्यात अडचण दिसली?
२. स्टँपपेपरवर लिहून घेतले म्हणजे जागा आपली होते का? का होत नाही?
३. तुमच्या घरचा किंवा शेजाऱ्याचा सातबारा आणा. त्यातले गट क्रमांक, क्षेत्र आणि इतर अधिकार वर्गात वाचून दाखवा.