रांगोळीत आखलेली गाडी

कॅम्पर व्हॅन म्हटलं की लोक आधी पलंगाचा फोटो बघतात. पांढरीशुभ्र चादर, मागचं दार सताड उघडं आणि समोर समुद्र. आम्ही राहतो घोडनदीला, म्हणजे शिरूरला. माझं माहेर दौंड तालुक्यात, यवतच्या अलीकडे. आमच्या वाट्याला समुद्र नाही. भीमा, घोड आणि कुकडीचे काठ आहेत, मुरमाड माळ आहे, जुन्या चिंचा आहेत आणि सगळीकडे ऊस. फोर्सची जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि तिची आतली मांडणी कशी करायची यावर घरात बरेच महिने वाद घातले. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, असे पाचही जण वादात होतो. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते आहे.

१. आधी मुक्काम ठरवा, मग लेआउट.

जर्मनीत वेस्टफालियाने १९५१ साली फोक्सवॅगनच्या गाडीत बसवायची पहिली ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढली. तेव्हापासून तिकडे गाडीतल्या घरांची मोठी परंपरा आहे आणि त्या गाड्यांना उतरायला कॅम्पिंगची मैदानंही आहेत. तिथे वीज, नळ, न्हाणीघर सगळं मिळतं. आपल्याकडे राज्याने २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं हे खरं, पण आमचा मुक्काम अजून पाहुण्यांच्या वस्तीवर, देवळाच्या आवारात किंवा ओळखीच्या ढाब्यामागेच पडतो. रांजणगावचा महागणपती, मोराची चिंचोली, टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, चिंचणीचं घोड धरण. दौंडच्या बाजूने निघालं की भीमेपलीकडे सिद्धटेक आणि पेडगावचा बहादूरगड, आणि पुढे भिगवणला उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित पक्षी.

या ठिकाणी प्यायचं पाणी मिळतं, जेवणाला कुणी नाही म्हणत नाही, मोटर चालू असेल तर आंघोळही झकास होते. मिळत नाही ते तीनच गोष्टींचं सुख: रात्रीचं शौचालय, दुपारची सावली आणि दार लावून निर्धास्त झोप. आमची मांडणी या तिन्हींभोवती झाली. फोटोतल्या गाड्यांत निम्मी जागा ओट्याला आणि सिंकला गेलेली दिसते. या मुलखात ती जागा वाया जाते, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. रात्रीची सोय गाडीच्या आतच हवी.

शिरूर तालुका वनखात्याच्या जुन्नर विभागात येतो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चारही तालुक्यांत बिबट्या जंगलापेक्षा उसात जास्त राहतो; मादी पिल्लंही उसातच देते. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. तोड सुरू झाली की बिबट्याचा आडोसा जातो आणि तो या फडातून त्या फडात फिरू लागतो. आणि थंडी, मोकळं आभाळ, भिगवणचे पक्षी यांमुळे कुटुंबाने बाहेर पडायचे महिनेही नेमके हेच. तालुक्यातल्या काही घरांनी आपली लेकरं गमावली आहेत, त्यामुळे हा विषय कुणी गमतीवारी नेत नाही. अंधारात एकट्याने जाऊ नका, उघड्यावर वाकून किंवा बसून राहू नका, हातात बॅटरी ठेवा, मोठ्याने बोलत चला, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं.

म्हणून गाडीतली पहिली वस्तू ठरली ती खालची टाकी वेगळी काढता येणारं पोर्टेबल टॉयलेट. त्यासाठी स्वतंत्र बाथरूम बांधलं नाही. बाथरूम म्हणजे तीन फूट बाय अडीच फुटाची खोली, ती दिवसभर रिकामी राहणार आणि वारा अडवणार. आमचं टॉयलेट सरकत्या दाराशेजारी पेटीत आहे. पेटीचं झाकण लावलं की बसायला जागा होते आणि रात्री वरून जाड पडदा ओढला की झालं. टाकी घरी किंवा रीतसर शौचालयात रिकामी करायची. कॅनॉलमध्ये किंवा बांधावर कधीच नाही.

पण टॉयलेट कुठे ठेवायचं यापेक्षा तिथवरची वाट कुठून जाते, हे जास्त महत्त्वाचं. सासूबाईंना रात्री दोनदा उठावं लागतं. त्यांना कुणाला न ओलांडता जाता आलं पाहिजे, म्हणून त्यांची झोपायची जागा पेटीला लागून आहे. बाहेरच्या दिव्याचं बटण आतून, उशापाशी घेतलं, म्हणजे दार उघडायच्या आधी बाहेरचं दिसतं. आणि चालकाच्या सीटमागे आडवी भिंत घालू दिली नाही. निघायची वेळ आली तर खाली न उतरता स्टिअरिंगवर जाता यायला हवं.

३. जितकी माणसं झोपणार, तितक्या पट्ट्याच्या सीटा.

मिस्त्री सगळ्यात आधी सीटा काढायला सांगतो, कारण मग त्याला मोकळं मैदान मिळतं. त्याच्या इंग्रजी एल आकाराच्या सोफ्यावर पोरं आडवीतिडवी बसून पुणे-नगर रस्त्यावर जाणार आणि समोरून उसाचे डबल ट्रेलर येणार, हे चित्र मला सहन होत नाही. चालकाच्या मागे तीन जणांची, समोर तोंड असलेली, कंपनीच्या मूळ बोल्टांवरची सीट आम्ही तशीच ठेवली. यावर चर्चा झाली नाही.

४. लेआउट कागदावर नको, अंगणात काढा.

मोबाइलवरच्या आराखड्यात सगळं बसतं. ट्रॅव्हलरची बाहेरची रुंदी दोन मीटरहून थोडी जास्त. पत्र्याची जाडी, भिंतींचा बाक, उष्णता अडवणारी शीट आणि वरचं प्लायवूड जाऊन आत किती उरतं, ते टेपने मोजलं आणि तेवढा चौकोन अंगणात रांगोळीने आखला. चाकांच्या कमानीही काढल्या. मग त्यात खरा संसार मांडला. माळ्यावरून जुनी खाट आली, कपाटाच्या जागी टोमॅटोचे क्रेट रचले, फ्रिजच्या जागी पत्र्याचा डबा ठेवला, दार जिथे येणार तिथे दोन विटा लावल्या. नियम एकच: रेघेवर पाय पडला की भिंतीवर आपटलात. धाकटा सकाळपासून आपटत होता.

रात्री सगळे तिथेच झोपलो. हे पाच फूट दहा इंच उंच, त्यामुळे आडव्या पलंगावर पाय रेघेबाहेर. म्हणजे मोठ्यांचा पलंग गाडीच्या लांबीतच हवा, हे टेपपेक्षा त्यांच्या घोट्यांनी आधी सांगितलं. आडवी जागा पोरांना दिली: मागच्या टोकाला, चाकांच्या वर, पुढून हातभर उंचीचा कठडा लावून. पोरं वाढतील तेव्हा तिथे सामान जाईल. मधल्या बोळाची रुंदी मी आधी सव्वा फूट धरली होती. सासूबाई पहाटे उठून बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, मी आडवी होऊन चालायला शिकू का आता?” बोळ दीड फुटाचा झाला आणि एक कपाट रद्द झालं. रद्द झालेल्या कपाटाची आठवण कधी कुणाला आली नाही.

दिवसा बसायचं आणि रात्री झोपायचं बाकडं एकच असावं, हे सगळेच सांगतात. मला ते अर्धंच पटतं. भिगवणला पक्षी बघायचे तर उजाडायच्या आत कुंभारगावला होडीपाशी उभं राहावं लागतं. अशा वेळी सगळ्यांना उठवून, गाद्या गुंडाळून, फळ्या काढून मगच बसायला जागा होणार असेल, तर चहाआधीच भांडण होतं. म्हणून पोरांची जागा कायमची पलंगाचीच ठेवली, मोठ्यांची तेवढी फळ्या घालून होते. पहाटे पोरं उचलून पट्टा लावायचा आणि निघायचं. त्यांचं अंथरूण तसंच राहतं.

५. गाडी कशी उभी करणार, ते दार बसवण्याआधी ठरवा.

आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून गाडीचं दार डावीकडे. छताची चांदणी, म्हणजे बाजूला उघडणारं कापडी छप्पर, तेही डावीकडेच आलं. दौंडकडच्या माळावर एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि खरा त्रास देतं ते दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन. दाराशी सावली हवी तर दार पूर्वेला यावं लागतं, म्हणजे गाडीचं तोंड दक्षिणेला.

हे ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. दक्षिणेला तोंड करून कुणी घर बांधत नाही. पण पलंग लांबीत आहे आणि उशी पुढच्या बाजूला, म्हणजे झोपताना डोकं दक्षिणेला येतं आणि ते शास्त्राला धरून आहे. उत्तरेला डोकं आलं असतं तर गाडी विकावी लागली असती. प्रकरण तिथे मिटलं. खिडक्या मात्र समोरासमोर दोन, दोन्हींना मच्छरदाणीची जाळी, आणि छतावर हवा बाहेर फेकणारा पंखा. घोड आणि भीमेच्या काठी डासांचं राज्य असतं.

६. स्वयंपाकघर दिंडीच्या ट्रककडून शिका.

तुकोबारायांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्काम करते. यवतला पिठलं-भाकरीचा बेत असतो, तो बघतच मी मोठी झाले. त्या गर्दीत दिंड्यांचे ट्रक कसे उतरतात, ते पाहण्यासारखं असतं. शेगड्या आणि पातेली अगदी मागे, फाळका पाडला की हाताशी. आधी लागणारं शेवटी चढवलेलं. ट्रकच्या आत कुणी चूल पेटवत नाही. स्वयंपाक बाहेर, माणूस बाहेर, धूर बाहेर.

आमचं स्वयंपाकघर म्हणजे पोरांच्या पलंगाखालून मागच्या दाराने बाहेर ओढायचा एक लांब ड्रॉवर. एक शेगडी, तवा, कुकर, मसाल्याचा डबा. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरला वेगळा कप्पा आहे, आतल्या बाजूने बंद आणि तळाला जाळी असलेला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला की तळाशी साचतो, म्हणून त्याची वाट खालून हवी. रात्रीचा स्वयंपाक दिवस मावळायच्या आत उरकतो. त्यानंतर लागणारं गरम पाणी थर्मासमध्ये असतं.

७. वजनाचा हिशेब सुताराकडे नसतो.

एकोणीस मिलिमीटरचं आठ बाय चारचं प्लाय पस्तीस किलोच्या आसपास भरतं, बारा मिलिमीटरचं त्याच्या दोन तृतीयांश. घरातल्या फर्निचरची सवय असलेला मिस्त्री सगळीकडे एकोणीसच लावतो. आम्ही झोपायच्या फळ्यांना तेवढं जाड घेतलं, बाकी सगळं बारा आणि त्याहून पातळ. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तेही डचमळणारं. टाकी पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, जमिनीलगत बसवली. ट्रॅव्हलरची शेपटी मागच्या चाकांपलीकडे बरीच लांब जाते. तिथे जड सामान भरलं की वस्तीच्या वाटेवर प्रत्येक बांधाला ती टेकते. आणि फ्रिज, बॅटरी, पाणी एकाच बाजूला नको. गाडी कलते, मग रात्री सगळे एका कुशीवर घरंगळतात.

८. छतावर काही नको.

छत वर उचलणाऱ्या गाड्या फोटोत देखण्या दिसतात. मोराच्या चिंचोलीत चिंचेखाली गाडी लावायची, वस्तीवर लोंबत्या विजेच्या तारांखालून जायचं, दौंडच्या बाजूला रेल्वेच्या मोरीतून वाकत निघायचं. आमच्या छतावर पंखा आणि सपाट सोलर, बस्स.

९. एसीचा नाद सोडा.

शंभर अँपिअर-तासांची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी सव्वा युनिटच्या आसपास वीज साठवते. टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. म्हणजे झोप लागेपर्यंत बॅटरी संपली. त्याच बॅटरीवर छोटा फ्रिज, दोन पंखे आणि दिवे रात्र काढतात. पत्र्याला आतून जाड रबरी शीट लावायला पैसे मोजा, ते बाराही महिने उपयोगी पडतात.

१०. करवत लावण्याआधी आरटीओ.

कंपनीच्या मूळ नोंदीत बदल होईल असं काम मंजुरीशिवाय करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक वाहनांत मोडते, पण जुनी गाडी टुरिस्ट परवान्यावरची असेल तर ती खासगीत बदलून घेणं हे वेगळं काम. आधी नकाशा दाखवा, कोणते कागद लागतात ते लिहून घ्या, मग सुतार बोलवा. विम्यातही तीच नोंद हवी.

११. चपलांचा कप्पा.

हा कुठल्याच आराखड्यात नसतो. पाच माणसांच्या दहा चपला, दौंडची काळी माती आणि एक वळीव, एवढ्यात गाडीचा कुंभारवाडा होतो. दाराच्या पायरीखाली, बाहेरून उघडणारा पत्र्याचा कप्पा करून घ्या, तळाला भोकं पाडलेला, म्हणजे वरून तांब्याभर पाणी ओतलं की चिखल खाली निघून जातो. पायरी सासूबाईंच्या गुडघ्याच्या मापाने केली, जमिनीपासून आठ इंचांवर. त्यामुळे कप्प्याला उंची कमी मिळाली आणि ह्यांचे बूट त्यात आडवेच ठेवावे लागतात.