श्वास रोखावा की जाणावा?

जन्मापासून श्वास आपल्या सोबतीला असतो. म्हणूनच त्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. हृदयाचे ठोके वा अन्नाचे पचन आपल्या इच्छेने चालत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि इच्छेने बदलताही येतो. शरीर व मन यांना जोडणारा हा दुवा योगशास्त्राने ओळखला, तसाच धम्मानेही ओळखला.

पतंजलींच्या अष्टांगयोगात प्राणायाम हे चौथे अंग आहे. श्वास आत घेणे म्हणजे पूरक, सोडणे म्हणजे रेचक आणि रोखणे म्हणजे कुंभक. पुढे हठयोगाने कुंभकाला मोठे महत्त्व दिले.

श्वास रोखण्याचा मार्ग सिद्धार्थ गौतमांनीही संबोधीपूर्वी अनुभवला होता. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात त्याचे वर्णन आहे. नाक, तोंड व कान यांतून होणारा श्वासोच्छ्वास त्यांनी थांबविला. तेव्हा मस्तकात असह्य वेदना झाल्या, पोटात कळा आल्या, देहाचा दाह झाला. शरीर थकले, पण शांती लाभली नाही. त्या वेळी त्यांना बालपणी जांभळाच्या शीतल छायेत सहज लागलेले ध्यान आठवले आणि वाट बदलली. पुढे तथागतांनी आनापानसतीचा उपदेश केला. त्याच निकायातील आनापानसती सुत्तात तिच्या १६ पायऱ्या आहेत. आरंभी श्वास दीर्घ असेल तर दीर्घ आणि ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व, असे केवळ जाणावयाचे असते. येथे श्वासावर बळजोरी नाही. मध्यम मार्ग येथेही आहे.

आता शरीराचे पाहू. विश्रांतीच्या वेळी प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. भीती वा राग आला की श्वास उथळ व जलद होतो. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना मंदावते. म्हणून संथ, दीर्घ रेचकाने शरीराला विसाव्याचा संदेश मिळतो. मनाचा ताण हलका होतो व झोपेस साहाय्य होते. अशा अभ्यासाची प्रयोगशाळेत तपासणी करण्याचे कार्य स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना करून आरंभिले, ही आपल्या महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट होय.

अभ्यास सोपा आहे. पाठ ताठ ठेवून, पण अंग सैल सोडून बसावे. डोळे मिटावेत. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाच मिनिटे जाणत राहावे. मन भरकटले तर स्वतःवर न रागावता पुन्हा श्वासाकडे यावे. मन फारच अस्वस्थ असेल, तर काही वेळ घेण्यापेक्षा सोडणे थोडे लांबवावे. चक्कर आल्यास थांबावे. हृदयविकार, उच्च रक्तदाब वा अपस्मार असणाऱ्यांनी आणि गर्भवती भगिनींनी कुंभक, भस्त्रिका व कपालभाती वैद्यकीय सल्ल्याविना करू नये. दम्याचे वा इतर कोणतेही औषध प्राणायामाच्या भरवशावर बंद करू नये.

परीक्षा जवळ आली की वसतिगृहातील मुले रात्री जागी राहतात. कित्येकांच्या मनात घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे असते. त्या भीतीवर धाक हा उपाय नव्हे. सुटीत मूल घरी आले की गुणांची चौकशी करण्यापूर्वी त्याच्याशेजारी पाच मिनिटे शांत बसावे, एवढीच पालकांना आमची विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांनीही या शाळेत जडलेली सकाळच्या मौनाची सवय संसाराच्या धावपळीत सोडू नये. त्यासाठी पैसा लागत नाही, साधन लागत नाही. श्वास तर सोबत आहेच.