घाटात काटा पडला तर आधी नळी बघ

पसरणी घाट चढताना बूस्ट गेजचा काटा नेहमीइतका वर आला नाही, की आपल्याकडची पोरं लगेच निकाल देतात, ‘टर्बो गेला.’ बाळा, तू ही घाई करू नकोस. टर्बो उतरवायचा म्हणजे खिशाला मोठी कात्री लागते. खोट पुष्कळदा त्या काट्याकडे जाणाऱ्या बोटाएवढ्या नळीत असते.

सगळ्यात आधी उंचीचा हिशोब डोक्यात ठेव. हवेचा दाब मुंबईत 101 किलोपास्कल, वाईत 93च्या आसपास आणि आपल्या पाचगणीत 1,300 मीटरवर 87 किलोपास्कल. पेट्रोल गाडी स्लोला उभी असताना गेज व्हॅक्यूम दाखवतं. हजार फुटांमागे ते साधारण एक इंच उतरतं. त्यामुळे मुंबईत 20 इंच दाखवणारं धडधाकट इंजिन इथे 16 इंचांवर थांबेल. त्यात बिघाड काही नाही. बहुतेक डिझेल गाड्यांचा काटा स्लोला जवळपास शून्यावरच असतो, तिथे व्हॅक्यूम शोधत बसू नकोस.

दुसरी गोष्ट, 15 पीएसआय बूस्ट इथेही 15च दिसेल, पण तो 87च्या वरचा. इंजिनाला एकूण दाब मिळतो 190 किलोपास्कल, मुंबईत मिळतो 204. गाडी किंचित जड ओढली तर त्याचं कारण हे. तरी टर्बोशिवायच्या गाडीपेक्षा आपण बरे. 1918 साली अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यांनी विमानाच्या इंजिनाचा टर्बो तपासायला तो पाइक्स पीक डोंगरावर 14,000 फुटांवर नेला होता. पातळ हवेत इंजिनाचा दम टिकवणं हेच टर्बोचं काम.

आता गेज तपासायचं. इंजिन बंद, चावी ऑन, काटा शून्यावर हवा. सीलबंद डबीचं गेज किंवा समुद्रसपाटीचा दाब धरून चालणारं इलेक्ट्रॉनिक गेज इथे शून्याच्या खाली, दोनेक पीएसआयचा फरक दाखवेल. तेच गेज मुंबईत शून्यावर येत असेल तर ते बदलू नकोस. स्कॅनर लावलास तर लक्षात ठेव, मॅनिफोल्डचा आकडा त्यात हवेच्या दाबासकट येतो. इंजिन बंद असताना 87 दिसले आणि चढाला 200 दिसले, तर बूस्ट 113, म्हणजे 16 पीएसआयच्या जवळ.

मग बोनेट उघड, पण इंजिन थंड झाल्यावर. नळीचं मॅनिफोल्डकडचं टोक उष्णतेने कडक होतं आणि तिथे नखाएवढी चीर पडते. नळी सरळ असताना चीर दिसत नाही. टोक दोन बोटांत धरून वाकव, मग ती तोंड उघडते. लांबी पुरत असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा घट्ट बसव, केबल टाय लाव. प्लॅस्टिकच्या टी आकाराच्या जोडालाही तडा जातो. नळी केबिनमध्ये शिरते तिथे पत्र्याने चेपली आहे का, पेडलजवळ दुमडली आहे का, तेही बघ. आपल्याकडच्या पावसाळ्यात, धुक्यात नळीत ओल साचते आणि काटा उशिरा हलतो. म्हणून नळी बसवताना तिचा उतार इंजिनाकडे ठेव, मध्ये झोल नको.

खात्री करायची तर नळी इंजिनाकडून सोडव आणि तिला गेज असलेला हवा भरायचा पंप जोड. 10 पीएसआय भर आणि थांब. दोन्ही काटे एकच आकडा दाखवून स्थिर राहिले तर नळी आणि गेज दोन्ही ठीक. काटा उतरू लागला तर आधी पंपाचा जोड साबणाच्या पाण्याने तपास, मग नळीवर ते पाणी लाव. इलेक्ट्रॉनिक गेज असेल आणि हॉर्न किंवा डिपर मारताच काटा थरथरत असेल, तर अर्थिंगची जागा रंग खरवडून स्वच्छ कर.

गेज खरं बोलतंय असं ठरलं तरच पुढे जा. रेस दिल्यावर फुसफुस आवाज, डिझेलला काळा धूर, ओढ कमी, असं असेल तर इंटरकूलरच्या होसच्या क्लिपा बघ. जोडाशी ओलसर तेलकट डाग असेल तर हवा बहुधा तिथूनच निसटते. मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टरही लवकर तुंबतो. काटा नेहमीपेक्षा फार वर गेला तर मात्र तिथेच पाय काढ. बूस्ट आवरणाऱ्या वेस्टगेटची नळी निसटली तर असंच होतं. कमी बूस्टने फक्त ओढ जाते, जास्त बूस्टने पिस्टन जातो.

गाडी निरोगी आहे तेव्हाच दांडेघरच्या अलीकडचा एखादा चढ ठरवून घे. तोच गिअर, तेवढाच वेग, आणि काटा कुठे येतो ते डायरीत लिहून ठेव. पुढे शंका आली तर ताडून बघायला हा आकडाच उपयोगी पडेल. मात्र तो आकडा तू बघायचा नाहीस. शेजारी कुणाला तरी बसव, त्याने काटा बघावा आणि तू वळण.